आधीच पार पडलेला नाताळ

नाताळचा कार्यक्रम अजून दहा दिवसांवर होता, पण तो ‘मोठ्या उत्साहात पार पडला’ असं पूर्णिमा टीचरनी लिहून टाकलं होतं.

यात फसवणूक वगैरे काही नव्हती. सेंट ब्रिजेट्स प्रायमरी स्कूलची ती रीतच होती. दर डिसेंबरात शाळेचं ‘वर्षअखेर वृत्त’ निघायचं, चार पानी, गुळगुळीत कागदावर. कार्यक्रम संपता संपता ते केकच्या तुकड्याबरोबर पालकांच्या हातात पडायचं आणि त्यात त्याच कार्यक्रमाची बातमी असायची. छापखान्याचे मालक बाळासो पंधरा डिसेंबरनंतर कॅलेंडरं आणि लग्नपत्रिकांत असे बुडायचे, की साक्षात देवाचं काम घेऊन गेलं तरी ‘संक्रांतीनंतर या’ म्हणायचे. म्हणून आधी बातमी छापायची आणि मग कार्यक्रम बातमीबरहुकूम करायचा, असा शिरस्ता पडला होता. आजवर तो बिनबोभाट चालला होता.

“वाचा बघू,” हेडमिस्ट्रेस सिस्टर रोझलिन म्हणाल्या.

सिस्टर मूळच्या केरळच्या. बावीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात उतरल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. जो आला तो सगळा शाळेच्या शिपाईण झुंबरबाई यांच्याकडून आला. त्यामुळे मुलांशी त्या कॉन्व्हेंटचं इंग्रजी बोलत आणि मोठ्या माणसांशी थेट गंगावेशीतलं मराठी. स्वतःबद्दल बोलतानासुद्धा तिथल्या बायकांसारखं ‘मी येतो, मी बघतो’ असंच म्हणत.

पूर्णिमा टीचर वाचू लागल्या. “‘प्रमुख पाहुण्या मदर बेनेडिक्टा यांच्या वीस मिनिटांच्या हृदयस्पर्शी भाषणाने सर्वजण भारावून गेले.’”

“वीस कमी झाली की. मागच्या टायमाला पस्तीस बोलल्यात.”

“छापताना वीसच बरी दिसतात, सिस्टर.”

“व्हय, ऱ्हाऊ दे. फुडं?”

“‘येशूजन्माच्या नाटिकेत गोठ्यातील प्राण्यांनीही शिस्तीचे अनोखे दर्शन घडविले.’”

गोठ्यातले प्राणी पुठ्ठ्याचे होते. त्यांच्या शिस्तीबद्दल शंका घ्यायला कुणाला जागा नव्हती. सिस्टरनी मान डोलावली आणि शेवटच्या पानावरच्या ‘अभिनंदन’ या सदरावर बोट ठेवलं. तिथं चित्रकला परीक्षेतली दोन मुलं आणि एक रिकामी जागा होती.

“हितं लिवा. ‘पूर्णिमा टीचर यांची शाळेच्या सेवेत कायम नेमणूक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’”

पूर्णिमा टीचरचं पेन थांबलं. “सिस्टर, ऑर्डर कुठं आलीय अजून?”

“मदर येणार, कार्यक्रम बघणार, सही करणार. तसं बोलल्यात त्या मला. कार्यक्रम चांगला झाला की झालं.”

“पण तो झाला कुठं?”

“झालाय की! उत्साहात पार पडलाय. तुम्हीच लिवलंय.”

खरं सांगायचं, तर पूर्णिमा टीचरना हा युक्तिवाद खोडायचाच नव्हता. आठ वर्षं त्या ‘तात्पुरत्या’ होत्या; कायम करणारी सही संस्थेच्या प्रमुख मदर बेनेडिक्टांची लागायची. दर एप्रिलला त्यांची नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा उगवायची. मधला मे महिना त्या काळजीत काढत आणि त्यांच्या सासूबाई, माई, तो पाहुण्यारावळ्यांना माहिती देण्यात काढत. “आमची सून शाळेत आहे. तात्पुरती,” असं त्या म्हणायच्या, आणि शेवटच्या शब्दावर असा काही जोर द्यायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, नोकरी नव्हे, सूनच तात्पुरती आहे. पूर्णिमा टीचरनी ती ओळ लिहिली, तीही सुवाच्य अक्षरात. चारशे प्रती छापून आल्या आणि ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी माळ्यावरून पुठ्ठ्याची गाय खाली काढली. वाळवीनं बाकीची जनावरं संपवून तिची फक्त शिंगं शिल्लक ठेवली होती.

पालक समितीची तातडीची बैठक भरली. समितीचे अध्यक्ष हंबीरराव हे कसबा बावड्याचे. अकरा म्हशी, मोठा आवाज आणि त्याहून मोठ्या मिशा असा त्यांचा संसार. त्यांची नात राजनंदिनी तिसरीत होती आणि नाटिकेत मेंढी क्रमांक सहा होती. हे हंबीररावांच्या मनाला आधीच लागलं होतं.

“गोठा हाय आन जनावर न्हाय?” ते गरजले. “बावड्यात त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल का आम्हाला? जित्तं जनावर आणतो की मी!”

पूर्णिमा टीचरनी घाबरत विचारलं, “गाय आहे तुमच्याकडं?”

“गाय कशाला पाळू? गाईच्या दुधाला फॅट कुठं लागतंय? म्हैस आणतो. आमची चंद्री.”

“पण काका, बेथलेहेममध्ये म्हैस नव्हती.”

“तुम्ही गेलता बघायला?”

पूर्णिमा टीचर गेल्या नव्हत्या. त्यांनी मदतीसाठी सिस्टरकडे बघितलं. पण सिस्टर हिशेब करत होत्या, की बातमीत ‘प्राण्यांनी’ असं मोघम छापलंय आणि म्हैस हा प्राणीच आहे.

“गरीब हाय का पण ती?” सिस्टरनी विचारलं.

“गाय मारंल, पण चंद्री न्हाय मारायची. फकस्त एक हाय. ती माझं आन माझ्या नातीचंच ऐकती. तवा नात तिच्या जवळ उभी पायजे. मेंढरात न्हाय. गोठ्यात.”

गोठ्यात उभं राहण्याचा अधिकार नाटिकेत दोनच माणसांना होता, आणि त्यातल्या जोसेफला मिशी होती. अशा रीतीनं मेंढी क्रमांक सहा एका बैठकीत मेरी झाली. पूर्वीची मेरी, मोना, हिला तारा करण्यात आलं. तिच्या आईनं दोन दिवस अबोला धरला, मग ताऱ्याला जरीचा झगा शिवायला परवानगी मिळाल्यावर सोडला.

राजनंदिनीला मेरीचं एकच वाक्य होतं, तेही इंग्रजीत. ते ती इतक्या हळू बोलायची की शेजारच्या जोसेफलाही ऐकू जात नसे. “मोठ्यानं, बाळ, शेवटच्या रांगेपर्यंत,” असं सांगून पूर्णिमा टीचरचा घसा बसला.

कार्यक्रमाच्या सकाळी धार काढून झाल्यावर हंबीरराव चंद्रीला घेऊन टेम्पोतून आले. पूर्णिमा टीचरनी तिला पाहिलं आणि खुर्ची शोधली. चंद्री साधी आलीच नव्हती. शिंगं लाल रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. अंगाला तेल लावून असं चमकवलेलं की भांग पाडायला आरशाची गरज पडू नये. एका कुशीवर पांढऱ्या रंगात ‘हॅपी ख्रिसमस’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या कुशीवर ‘नाद खुळा’.

“दिवाळी पाडव्याचा सगळा साज घातलाय,” हंबीरराव अभिमानानं म्हणाले. “तीन वरसं झाली, पाडव्याला पहिला नंबर सोडला न्हाय तिनं.”

“कशात?” पूर्णिमा टीचरनी विचारलं. पण तेवढ्यात गेटवर मदरची गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. ते ऐकलं असतं, तर पुढचा प्रसंग कदाचित टळला असता.

चंद्री काही स्टेजच्या पायऱ्या चढेना. म्हणून बेथलेहेम खाली मैदानात आणावं लागलं. सिमेंटच्या कट्ट्याजवळ चार बांबूंवर गवताचं छप्पर उभारलं होतं, त्यातल्याच एका बांबूला हंबीररावांनी तिचा कासरा बांधला.

मदर बेनेडिक्टा पहिल्या रांगेत बसल्या. त्या मूळच्या वसईच्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीची पाठ उगाचच बनवली असं वाटावं. त्यांच्या मांडीवर एक चामडी बॅग होती. त्या बॅगेत पूर्णिमा टीचरची फाईल आहे, हे सिस्टरनी खात्रीनं सांगितलं होतं. पूर्णिमा टीचर नाटिकेकडे कमी आणि बॅगेकडे जास्त बघत होत्या.

नाटिका खरंच छान झाली. मेंढपाळांनी मेंढ्या मोजल्या, एक कमी भरली, पण कुणी बोललं नाही. जरीच्या झग्यातला तारा गरजेपेक्षा जास्त वेळ चमकला. चंद्री शांत उभी होती. एकदाच तिनं गव्हाणीतलं गवत खायला तोंड घातलं. तेव्हा राजनंदिनीनं घाई न करता बाळ येशूची बाहुली उचलून काखेत घेतली आणि चंद्रीला पोटभर खाऊ दिलं. मदरच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. राजनंदिनीचं इंग्रजी वाक्य नेहमीप्रमाणे कुणालाच ऐकू गेलं नाही, पण ओठ हलले एवढं पुरे होतं.

टाळ्या पडल्या. मदर माईकपाशी गेल्या. आता फक्त वीस मिनिटं, पूर्णिमा टीचर मनात म्हणाल्या. वीस मिनिटं, सांताक्लॉज, केक आणि सही.

“माझ्या लाडक्या मुलांनो,” मदर म्हणाल्या.

आणि तेवढ्यात मैदानाच्या मागच्या बाजूनं आवाज आला. धडाड धड, धडाड धड.

आता इथं अमरसिंह सरांबद्दल सांगायला हवं. ते पीटीचे सर आणि दरवर्षीचे सांताक्लॉज. गेल्या वर्षी ते सायकलवरून आले आणि कुणाचं लक्षच गेलं नाही. मुलं केकच्या रांगेत उभी राहिली आणि सांताक्लॉज घंटी वाजवून दमला. तो अपमान सर विसरले नव्हते. यंदा कुणालाही न सांगता त्यांनी बुलेट आणली होती, आणि आवाज शेवटच्या पोरापर्यंत पोचावा म्हणून तिच्या सायलेन्सरची पुंगळी काढून टाकली होती. मदरचं भाषण पस्तीस मिनिटं चालणार, तोवर गाडी जरा गरम करून ठेवू, एवढाच त्यांचा हेतू होता.

आणि परगावच्या वाचकांसाठी हेही सांगायला हवं, की कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात. मालक पुंगळी काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं सुटतो आणि त्या आवाजामागं त्याची म्हैस धावते. वर्षभर तिला तेच शिकवलेलं असतं. तो आवाज आला की पळायचं, तो वाढला की आणखी जोरात पळायचं. चंद्रीचा यातच तीन वर्षं पहिला नंबर होता.

चंद्रीनं कान टवकारले. हंबीररावांचा चेहरा पांढराफटक पडला.

“सर!” ते ओरडले. “गाडी बंद करा! गाडी बंद करा की ओ!”

पुंगळी काढलेल्या गाडीवर बसलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. सरांना लांबून फक्त एवढंच दिसलं, की अध्यक्ष दोन्ही हात हलवून आपल्याला बोलावतायत. त्यांनी दाढी सारखी केली, गिअर टाकला आणि झोकात मैदानात शिरले.

चंद्री निघाली. कासरा पक्का होता, बांबू कच्चा होता. त्यामुळे तिच्याबरोबर बांबूही निघाला, बांबूबरोबर छप्पर, आणि छपरावरचा दिव्यांचा तारा वायरसकट. जोसेफ वेळीच बाजूला झाला, पण त्याची मिशी गेली. सरांनी आरशात बघितलं. मागून लाल शिंगांचं, मोरपिसांचं, अर्धं बेथलेहेम ओढत काहीतरी येत होतं. कुणीही शहाणा माणूस करेल तेच त्यांनी केलं, वेग वाढवला. चंद्रीला पाडव्याचीच आठवण आली. तिनंही वाढवला.

मैदानाला पहिली फेरी झाली. मुलांना वाटलं हा कार्यक्रमच आहे आणि आजवरचा सर्वांत चांगला आहे. पालक खुर्च्यांवर उभे राहिले. कोल्हापूरचीच माणसं ती, म्हैस पळायला लागल्यावर कोण गप्प बसेल? शिट्ट्या सुरू झाल्या. “भले शाब्बास!” “सोडू नको!” “सांता, दाब की!” दुसऱ्या फेरीला एका गृहस्थानं उत्साहात बायकोची ओढणी गरगरा फिरवली. मदर माईकपाशी ‘माझ्या लाडक्या मुलांनो’ या जागी तशाच उभ्या होत्या. सिस्टर रोझलिन डोळे मिटून मल्याळममध्ये काहीतरी म्हणत होत्या. प्रार्थना असावी.

तिसऱ्या फेरीला दाढी उडून सरांच्या डोळ्यांवर आली आणि बुलेट लांब उडीच्या वाळूत घुसून बंद पडली. चंद्रीही जागच्या जागी थांबली. मग शिकवल्याप्रमाणे तिनं पुढचे दोन्ही पाय उचलून गाडीच्या सीटवर ठेवले आणि लोकांकडे बघत सलामी दिली. सर सीटवरून आधीच वाळूत गेले होते, हे नशीब.

आणि त्या गदारोळात एक आवाज उठला. माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत, रस्त्यापलीकडच्या रसवंतीगृहापर्यंत.

“ए चंद्रे! उतर! उतर म्हणतोय न्हवं! लाज हाय का न्हाय तुला? पावण्या आल्यात, दिसतंय का?”

निळी ओढणी सावरत, बाळ येशू काखेत मारून, पवित्र मेरी मैदान तुडवत निघाली होती. चंद्रीनं मान खाली घातली, पाय खाली घेतले. राजनंदिनीनं तिचा कासरा धरला, तिच्या थोबाडावर एक हलकी चापट दिली आणि मोडका गोठा मागे फरफटत तिला जागेवर आणून उभं केलं. असल्या टाळ्या त्या शाळेत आजवर कुणालाच पडल्या नव्हत्या.

हे सगळं चालू असताना झुंबरबाई आपलं काम करत होत्या. ‘सांताक्लॉज आला की वर्षअखेर वृत्त वाटायचं’ असं त्यांना सांगितलं होतं. सांताक्लॉज आला होता. तो कुठल्या अवस्थेत आला याची चौकशी करणं त्यांचं काम नव्हतं. त्यांनी पहिली प्रत मदरच्या हातात दिली आणि उरलेल्या रांगेनं वाटत सुटल्या. पूर्णिमा टीचरना हे दिसेपर्यंत तिसरी रांग संपली होती.

दहा मिनिटांनी ऑफिसात तिघीजणी बसल्या. खरं तर मदर बसल्या होत्या, सिस्टर आणि पूर्णिमा टीचर उभ्या होत्या. मदरच्या एका हातात वृत्त होतं आणि दुसऱ्या हातात लाल पेन.

“‘कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला,’” त्यांनी वाचलं. जरा विचार केला. “हे खरं आहे. राहू द्या.”

लाल पेन पुढच्या ओळीवर सरकलं.

“‘प्राण्यांनीही शिस्तीचे अनोखे दर्शन घडविले.’ हे असत्य आहे.” लाल रेघ. “‘मदर बेनेडिक्टा यांच्या वीस मिनिटांच्या हृदयस्पर्शी भाषणाने.’ मी तीन शब्द बोलले. ते कुणाच्या हृदयाला लागले असतील असं मला वाटत नाही.” दुसरी लाल रेघ. पान उलटलं. “आणि हे अभिनंदन. माझ्या सहीआधीच?”

पूर्णिमा टीचर एक पाऊल पुढं आल्या. आठ वर्षं या क्षणाची वाट बघितली आणि तो असा आला. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. “ते मी लिहिलंय, मदर,” त्या म्हणाल्या. “मनापासून लिहिलंय. पण चुकलं माझं. खोडा तुम्ही.”

“त्यांनी न्हाय,” सिस्टर मध्येच म्हणाल्या. “मी लिवायला लावलंय. म्हैस पण मीच आणायला लावली. रागवायचं तर मला रागवा.”

मदरनी पेन उचललं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हंबीरराव, त्यांच्यामागं पाचपन्नास पालक, आणि त्यांच्यामागं कुठून तरी आलेली हलगी. हंबीररावांच्या हातात शाल, नारळ आणि दोन फेटे होते. पाहुणीला फेटा न बांधता परत पाठवायची पद्धत कोल्हापुरात नाही, म्हणून ते एक मदरसाठी आणि एक जादा घेऊन आले होते.

“कुठं हायत आमच्या बाई?” ते ओरडले. “आठ वरसं! आठ वरसांनी न्याय झाला! छापून आलंय, वाचलं आम्ही!”

“काका, अहो, थांबा,” पूर्णिमा टीचर म्हणत होत्या, पण त्यांचं डोकं फेट्यात गेलं होतं. मोनाच्या आईनं पेढा तोंडात कोंबला. कुणीतरी माईंना व्हिडिओ कॉल लावून दिला होता आणि फोनमधून माई डोळे पुसत म्हणत होत्या, “कायम झाली गं बाई. सून कायम झाली माझी.”

तो आवाज ऐकून पूर्णिमा टीचरना फेट्याखाली रडू फुटलं.

हंबीरराव दुसरा फेटा घेऊन मदरकडे वळले. मदरनी हाताचा पंजा वर केला. तो पंजा बघून हंबीरराव आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता बाहेर गेले, आणि बाकीचेही त्यांच्यामागोमाग गेले. हलगी तेवढी बाहेर वाजत राहिली.

“किती प्रती वाटल्या?” मदरनी विचारलं.

“चारशे,” सिस्टर म्हणाल्या.

“म्हणजे चारशे घरांत तीन खोट्या बातम्या गेल्या.” मदरनी वृत्त टेबलावर ठेवलं. “म्हशीला आता शिस्त लावता येणार नाही. भाषण करायला गेले, तर माझं ऐकायला त्या मैदानात कुणी नाही, सगळे म्हशीबरोबर फोटो काढतायत. खरी करता येण्याजोगी एकच बातमी उरली आहे.”

त्यांनी चामडी बॅग उघडली, फाईल काढली आणि लाल पेनानंच सही केली.

“मिस पूर्णिमा, पुढच्या वर्षी आधी कार्यक्रम, मग बातमी. समजलं?”

“हो, मदर.”

“आणि त्या मेरीला वक्तृत्व स्पर्धेत घाला. इंग्रजी नको.”

मदर गाडीत बसेपर्यंत दोघी गेटवर हात हलवत उभ्या राहिल्या. एकीच्या डोक्यावर फेटा होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तशा सिस्टर रोझलिन पूर्णिमा टीचरच्या कानाशी वाकल्या. मागं मैदानात सर वाळूतून बुलेट ओढत होते.

“टीचर, छापलं की त्या देत्यात, बघितलंत न्हवं? फुडच्या साली आत्तापास्नंच लिवून ठेवूया. ‘मदर बेनेडिक्टा यांनी शाळेस नवीन हॉल मंजूर केला.’”

पूर्णिमा टीचर आता कायम होत्या. त्यांनी फेटा नीट केला आणि पर्समधून पेन काढलं.

“एक मजली लिहू, सिस्टर, की दोन?”